हस्तकौशल्याची प्रतिष्ठा : एका जुन्या मोटारसायकलीच्या निमित्ताने
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारी हयात गेली ती प्राथमिक शाळेत फळा व खडू यांच्या सोबतीत. परंतु 2024 साली आम्हांस एक अनुभव आला आणि तो आपल्यापुढे मांडल्यावाचून राहवेना. विषय ऐकून काही मंडळी हसतील. विषय आहे एका जुन्या मोटारसायकलीच्या दुरुस्तीचा. तिच्यात ठिणगी पाडणारी वायरिंग आणि धूर बाहेर टाकणारा सायलेन्सर, एवढ्या दोनच गोष्टींविषयी आम्ही बोलणार आहोत. मात्र शेवटी एक कबुलीही द्यावयाची आहे. तिच्याचसाठी हा सारा प्रपंच.

आमचे थोरले बंधू पशुवैद्यकीय खात्यात नोकरीस होते. 1976 साली त्यांनी येझदी मोटारसायकल घेतली. ही गाडी मूळची चेकोस्लोव्हाकियातील. यानेचेक या कारखानदाराने वाँडरर या जर्मन कंपनीचा परवाना घेऊन 1929 साली जी मोटारसायकल काढली, तिला दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ म्हटले गेले. आपल्याकडे तिचा कारखाना 1961 मध्ये म्हैसूर येथे सुरू झाला. पुढे तीच गाडी ‘येझदी’ नावाने निघू लागली, आणि 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला. अलीकडे, 2018 मध्ये जावा व 2022 मध्ये येझदी, ही नावे पुन्हा बाजारात आली. परंतु त्या गाड्यांचे इंजिन निराळे, चार स्ट्रोकचे आहे. बंधूंची गाडी जुन्या दोन स्ट्रोकची. एक सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. आणि गिअरचा दांडाच आत दाबून वर फिरविला की तीच किक. तिच्यावर बसून त्यांनी तालुक्यातील वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या. गाय अडली की रात्री-अपरात्री कोणी हाक मारावयास येई आणि दहा मिनिटांत अंगणात येझदीचा आवाज घुमे.

2020 साली बंधू निवर्तले. गाडी पडवीत उभी राहिली. चार वर्षांनी पुतण्याने ती भंगारवाल्यास देण्याचे ठरविले. तेव्हा आमच्या वहिनी एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, विकायची तर विका, पण एकदा चालू करून दाखवा. बंद पडलेली म्हणून ती घराबाहेर जायला नको.” वहिनींनी आजवर आमच्याकडे काही मागितले नव्हते. आम्ही होकार दिला.

प्रथम आम्ही गाडी एका मोठ्या गॅरेजात नेली. तेथे नवी बॅटरी, नवी कॉइल, नवा कंडेन्सर, नवा प्लग असे चार दिवसांत चार भाग बदलण्यात आले. गाडी दोन दिवस चालली, तिसऱ्या दिवशी चढावर दम तोडून उभी राहिली. मग कार्बोरेटर बदला असे सांगण्यात आले. आमची पेन्शन ती किती! आम्ही गाडी ढकलीत घरी आणली. वाटेत बाजारपेठेच्या टोकाला एका लहानशा गॅरेजातून हाक आली, “गुरुजी, थांबा!” आमचाच एक जुना विद्यार्थी, आपल्याच ज्ञातीचा. त्याच्याकडे आम्ही पुढे आठ दिवस रोज जात होतो, आणि जे तीस वर्षे शिकविले ते तेथे प्रथम शिकलो.

त्याने पहिल्या दिवशी एकही नवा भाग आणला नाही. तो म्हणाला, “गुरुजी, करंट बॅटरीतून निघतो आणि प्लगपाशी पोचतो. वाटेत तो कुठं अडतो, ते आधी पाहू.” व्होल्ट मोजण्याचे यंत्र त्याने बॅटरीला लावले : 6.2 व्होल्ट. मग कॉइलमध्ये वीज शिरते त्या टोकाला लावले. तेथेही 6.2. आम्ही म्हटले, “मग वायरिंग ठीक आहे.” तो हसला. किक हळूच फिरवून त्याने कॉन्टॅक्ट पॉइंट मिटविले आणि पुन्हा पाहावयास सांगितले. आता आकडा होता 4.7!

पॉइंट उघडे असता तारेतून प्रवाह वाहतच नाही, आणि प्रवाह नसता झिजलेली तारही पूर्ण व्होल्ट दाखविते. ओझे डोक्यावर आल्यावरच हमालाचे बळ समजते, तसे पॉइंट मिटून प्रवाह सुरू झाला की तारेचा कमकुवतपणा उघड होतो. सुमारे 3 अँपिअर प्रवाह वाहत होता आणि वाटेत दीड व्होल्ट नाहीसा होत होता; म्हणजे वाटेत अर्ध्या ओमचा विरोध होता. ओहमचा नियम आम्ही फळ्यावर शेकडो वेळा लिहिला असेल, पण तो एखाद्या तारेत बसलेला आम्ही त्या दिवशी पाहिला. बारा व्होल्टच्या गाडीत दीड व्होल्ट म्हणजे आठवा हिस्सा. सहा व्होल्टच्या गाडीत तो चौथा हिस्सा. शिवाय कॉइलमध्ये साठणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे घटते. प्रवाह पाऊणपट झाला की ठिणगीची शक्ती निम्म्यापेक्षा थोडीच अधिक उरते. नवी कॉइल घालून काय होणार? ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण उगाच झाली नाही. (घरी कोणी हा प्रयोग करील तर पॉइंट मिटलेले असता चावी फार वेळ चालू ठेवू नये, कॉइल तापते.)

दोष सापडला तो पेट्रोलच्या टाकीखाली, हँडलबरोबर तारा जेथे रोज वाकतात तेथे. वरून आवरण अभंग होते. ते चिरले तेव्हा आत तांब्याचे निम्मे धागे तुटलेले व उरलेले हिरवे पडलेले. पुढे चावीजवळ कोणी तरी तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळली होती. इंजिनाची अर्थची तार चेसीला जेथे जोडली होती तेथे रंगाचा थर होता. हे तिन्ही दोष बाहेरून दिसणारे नव्हते.

तारा काढण्यापूर्वी त्याने आमच्या हाती कागदाच्या चिठ्ठ्या दिल्या. “गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं. कुठली तार कुठं जाते ते लिहा.” आम्ही प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधली आणि वहीत नकाशा काढला. मगच जुनी तार निघाली. नवी तार योग्य जाडीची घेतली, टोकांना पितळी टर्मिनल पकडीने दाबून बसविले, वळणाच्या जागी तारेस थोडी ढील ठेवली आणि हादऱ्याने घासू नये म्हणून तिला रबरी नळीत घालून बांधले. अर्थच्या जागचा रंग कानशीने खरवडला. शेवटी पॉइंटची तोंडे साफ करून, कोऱ्या कागदाने पुसून, त्यांतील अंतर फिलर गेजने 0.4 मिलिमीटर ठेवले. पुन्हा मोजले तेव्हा कॉइलपाशी 6 व्होल्ट मिळाले. ठिणगी निळी पडू लागली आणि दुसऱ्या किकेस गाडी बोलली.

तरीही तीन-चार किलोमीटरनंतर गाडी तापून मंद होई. तेव्हा त्याने गाडी उघड्यावर उभी करून चालू केली, कारण इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड बंद खोलीत प्राणघातक ठरतो. दोन्ही सायलेन्सरांच्या टोकांपासून वीतभर अंतरावर त्याने तळहात धरावयास सांगितले. उजवीकडून वारा जोराचा, डावीकडून जेमतेम फुंकर.

दोन स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. या गाडीस साधारण पंचवीस भागांस एक भाग. ते तेल पुरते जळत नाही. त्याची काजळी वर्षानुवर्षे सायलेन्सरमध्ये थराथराने बसते. वाट अरुंद झाली की जळका वायू सिलिंडरमध्येच रेंगाळतो, ताज्या मिश्रणास जागा मिळत नाही, इंजिन तापते व शक्ती जाते. जुने बाहेर गेल्याखेरीज नवे आत येत नाही, हा इंजिनाचा साधा न्याय आहे.

बेंड पाइप सिलिंडरला धरून ठेवणारी गोल चकती पूर्वी कोणी छिन्नी-हातोड्याने ठोकून खराब केली होती. त्याने इंजिन गार असता गंज सोडविणारे तेल रात्रभर मुरू दिले आणि हुकाच्या पान्याने ती अलगद सोडविली. जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ फुप्फुसास घातक, म्हणून ते ओले करून काढले. सिलिंडरच्या भोकातील काजळी खरवडण्यापूर्वी पिस्टन अशा जागी आणला की भोक मिटेल व कचरा आत पडणार नाही. आणि खरवडावयास लोखंड न घेता लाकडाची पट्टी घेतली. डाव्या सायलेन्सरमधील लोखंडी जाळीची नळी ओढून काढली, तिची बहुतेक छिद्रे बुजलेली. ती कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवली. येथे सावध राहावे : सोडा पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर ओतू नये; हातांत रबरी मोजे व डोळ्यांवर चष्मा असावा; आणि ॲल्युमिनियमची वस्तू किंवा भांडे त्यास लावू नये, ते खाल्ले जाते.

काही तरुण ही जाळी काढूनच टाकतात, आवाज मोठा येतो म्हणून. त्याने शेजाऱ्यांची झोप जाते, कायद्यासही ते मान्य नाही, आणि दोन स्ट्रोकच्या इंजिनाची शक्ती उलट कमी होते. कारण सायलेन्सरमधून परतणारा दाब ताजे मिश्रण वाया जाऊ देत नाही.

जोडणी करताना तांब्याची कडी लाल होईतो तापवून गार केली, म्हणजे ती मऊ होऊन नीट बसते. सायलेन्सरच्या कानाला चीर गेली होती, ती वेल्डिंगने सांधली. मग सर्व बोल्ट आधी सैलसर बसवून, पाइप आपल्या जागी ताणाविना आला असे पाहून, पुढून मागे क्रमाने आवळले. “आधी एकच घट्ट केला, तर दुसरा ताणून बसतो आणि तिथंच पुन्हा चीर जाते,” असे तो म्हणाला. एकत्र कुटुंबांतही असेच घडते, असे आमच्या मनात आले. पण ते असो.

आता कबुली. हा विद्यार्थी 1994 मध्ये मॅट्रिक झाला. त्यास आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकच्या शिक्षणास जावयाचे होते. त्याचे वडील आमचा सल्ला घेण्यास आले. आम्ही म्हणालो, “आपल्या ज्ञातीत कोणी तेलाने हात काळे केले नाहीत. मुलाला कॉलेजात घाला.” वडिलांनी ऐकले. मुलगा कसाबसा पदवीधर झाला, एका पतसंस्थेत कारकून राहिला, ती बुडाली. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने पंधरा वर्षांच्या पोरांबरोबर रॉकेलमध्ये भाग धुण्यापासून आरंभ केला. पुढे लग्न जमविताना आपल्याच काही घरांनी ‘मेकॅनिक’ म्हणून पाठ फिरविली. त्याची दहा वर्षे आमच्या एका वाक्याने गेली. आम्हीही पहिल्या गॅरेजवाल्याप्रमाणेच मुलगा न तपासता त्याची वाट बदलली होती.

आठव्या दिवशी आम्ही त्याला हे सारे बोलून दाखविले व चुकलो असे सांगितले. तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, “गुरुजी, एवढा पाना धरा, बोल्ट फिरतोय.” आम्ही पाना धरला. त्याहून अधिक काही बोलणे झाले नाही.

बांधवहो, आपला संघ दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो. तो टक्केवारी पाहून. यापुढे आय.टी.आय.त शिकणाऱ्या मुलामुलींची नावेही त्या यादीत असावीत, आणि शालीऐवजी त्यांना हत्यारांची एक पेटी द्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे. पहिल्या पेटीचा खर्च आम्ही आमच्या पेन्शनमधून देऊ. आणि वधूवर सूचक वहीत व्यवसायाच्या रकान्यात ‘मेकॅनिक’ असे दिसले, तर पान उलटण्यापूर्वी त्या मुलाचे काम एकवार पाहून यावे.

गाडीचे काय झाले, असे आपण विचाराल. आम्ही ती चालवीत अंगणात आणली. आवाज ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, पदराला हात पुसत उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बंद करू नका इतक्यात.” गाडी विकली नाही. पुतण्या दर रविवारी ती चालवितो, आणि तारांचा तो नकाशा आमच्या अक्षरात तिच्या हत्यारांच्या डब्यात ठेवलेला आहे.