पडद्याआड चालणारी कामे



या व्यासपीठावर संतवाङ्‌मय, इतिहास, दुष्काळ आणि पाणी हे विषय शोभतात. तेथे मोबाइल फोनच्या आणि संगणकाच्या मंदपणाविषयी बोलावे की नाही, याचा आम्हाला थोडा संकोच होता. परंतु गेल्या मार्चात आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारांवर आलेला प्रसंग आम्ही जवळून पाहिला आणि तो संकोच सोडला. त्यांचा माल शेडमध्ये रॅकवर पसरलेला होता. वाळावयास टाकून जेमतेम आठवडा झाला होता. अशा वेळी पाऊस आला म्हणजे बेदाण्याचे काय होते, हे कवठे महांकाळच्या माणसाला सांगावयास नको. पावसाची सूचना देणारे एक ॲप त्यांनी मुद्दाम फोनवर घेतले होते. सूचना वेळेवर निघालीही. शेजाऱ्यांच्या फोनवर ती रात्री नऊला वाजली आणि त्यांनी ताडपत्र्या ओढून घेतल्या. आमच्या स्नेह्यांच्या फोनवर मात्र ती सकाळी, त्यांनी ॲप उघडले तेव्हा आली. तोवर कडेच्या रॅकवरचा माल भिजून गेला होता.

स्नेह्यांनी सारा दोष नेटवर्कला दिला. पण चौकशी केल्यावर वेगळेच निघाले. फोन मंद चालतो म्हणून आठ दिवसांपूर्वी कोणाच्या तरी सल्ल्याने त्यांनी बॅटरी वाचविण्याची सर्वांत कडक व्यवस्था चालू केली होती. शिवाय रोज निजण्यापूर्वी सगळी ॲप्स बोटाने वर सारून झाडून काढण्याचा नेम धरला होता. ज्याने जागे राहावे म्हणून ठेवला, त्या राखणदारालाच त्यांनी घरी पाठविले होते!

फोनमध्ये पडद्यावर दिसते त्याहून कितीतरी अधिक काम आत चालू असते, ही गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक संगणक कामाला लागला. पुढे १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नाव ठेवले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या आणि त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबाने दहा हजार अक्षरे. त्या काळची रीत अशी, की एकाचे काम संपले म्हणजे दुसऱ्याचे घ्यावयाचे. आज चार जीबी स्मृतीचा साधा फोन घेतला तरी तो याच्या जवळजवळ चार लाख पट साठवितो, आणि एकाच वेळी शेकडो कामे चालवितो.

हे साधते कसे? आपल्याकडे पाटाचे पाणी जसे पाळीने मिळते, तसे. अमेरिकेत एम. आय. टी. या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांनी १९६१ मध्ये एका संगणकावर अनेकांना पाळीपाळीने बसवून दाखविले. प्रत्येकाला वाटावे, यंत्र आपल्या एकट्याचेच आहे. पाळी सेकंदाच्या लहानशा अंशाची असते, म्हणून आपल्याला ती जाणवत नाही. पाळीवाले फार झाले, किंवा त्यांतला एखादा आडदांड निघाला, म्हणजे मात्र जाणवते.

स्मृतीचे गणित निराळे आहे, आणि सगळा घोटाळा तेथेच होतो. किराणा दुकानदार रोजचा माल गादीच्या हाताशी ठेवतो आणि बाकीचा कोठारात. हाताशी असलेली जागा भरलेली आहे म्हणजे दुकान बिघडले, असे कोणी म्हणत नाही. रिकाम्या फळ्यांचा त्याला उपयोग तो काय? फोनही नुकतेच वापरलेले ॲप हाताशी ठेवतो, आणि जागा अपुरी पडली की बराच काळ न वापरलेले आपण होऊन काढून टाकतो. नुसते हाताशी पडलेले ॲप बॅटरी जवळजवळ खात नाही. उलट दर तासाला ते झाडून काढावे आणि पुन्हा उघडावे, तर प्रत्येक वेळी कोठारातून सगळा माल नव्याने वाहून आणावा लागतो, आणि बॅटरी खर्च होते ती या हमालीत. तेव्हा अडून बसलेले एखादे ॲप बंद करावे हे ठीक. सरसकट झाडू मारू नये. ‘फोन स्वच्छ करून वेगवान करतो’ अशी जाहिरात करणारी जी ॲप्स असतात, ती तर स्वतःच मागे बसून पाळी घेतात. आमच्या मते ती पहिल्यांदा काढावीत.

मग मागची कामे मोकाट सोडावीत काय? तसेही नाही. अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत, २०१५ साली, ‘डोझ’ नावाची सोय आली. डोझ म्हणजे डुलकी. फोन चार्जिंगला नसेल, पडदा बंद असेल आणि तो बराच वेळ हललेला नसेल, तर निकडीची नसलेली सगळी कामे अडवून ठेवावयाची आणि मधूनमधून थोडा वेळ दार उघडून ती एकदम उरकावयाची. म्हैसाळच्या पाण्याचे आवर्तन ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे अधिक सांगावयास नको. निकडीच्या निरोपाला यातूनही वाट ठेवलेली असते. परंतु काही कंपन्या बॅटरी दिवसभर पुरते हे दाखविण्यासाठी आपल्या पदरचे आणखी कडक नियम घालतात, आणि त्यांत ती वाटही बुजते. हवामानाची सूचना, पहाटेचा गजर, मोटारीचा मोबाइल स्टार्टर यांना हे नियम लागू करून चालत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपचे पान उघडावे, बॅटरी हे कलम पाहावे आणि तेथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडावे. अशी ॲप्स दोनचारच असावीत. पन्नास जणांना ही सवलत दिली तर ती कोणालाच दिली नाही असे होईल.

संगणकाचे दुखणे बहुधा सकाळचे असते. आपल्याकडे वीज आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी ऑटोस्विचमुळे एका क्षणी सुरू होतात, दाब उतरतो, फ्यूज जातो. ऑटोस्विच काढा म्हणून महावितरण वरचेवर सांगते ते याचसाठी. संगणक चालू करताच नेमके हेच घडते. जो तो प्रोग्रॅम बसविताना स्वतःला ऑटोस्विच लावून घेतो. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबावीत म्हणजे ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात ‘स्टार्टअप’ या सदरात ही यादी मिळते. व्हायरसपासून राखण करणारा प्रोग्रॅम राहू द्यावा. छपाईयंत्राचे, गाण्याचे, गप्पांचे जे असतील त्यांचे ऑटोस्विच काढावे. ते नष्ट होत नाहीत, बोलावल्यावर येतात. एवढे करूनही जुना संगणक अडखळत असेल, तर नवा घेण्यापूर्वी त्यातली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून पाहावी. कित्येकदा तेवढ्यावर काम भागते.

उन्हाळ्याविषयी एक शब्द. चैत्र-वैशाखात शेतात चार्जिंगला लावलेला फोन मंद झाला, तर तेथे मागची कामे शोधीत बसू नये. तापलेला फोन स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग आपणच उतरवितो. त्याला सावलीत ठेवावे आणि चार्जर काढावा. शीतकपाटात ठेवू नये, आत दव धरते. बॅटरी जुनी झाली तरीही असे होते. ॲपल कंपनीने २०१७ च्या डिसेंबरात मान्य केले, की जुन्या बॅटरीचे आयफोन एकाएकी बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग आपण कमी करतो. लोक रागावले आणि कंपनीला बॅटरी बदलण्याचे दर उतरवावे लागले. तेव्हा फोन दोनतीन वर्षांचा असेल, तर आधी बॅटरी बदलण्याचा खर्च विचारावा.

आमच्या स्नेह्यांच्या फोनवर हवामानाच्या ॲपची नोंद आम्ही त्याच दिवशी बदलून दिली. पुढची सूचना एप्रिलात, रात्री पावणेअकराला आली. पाऊस मात्र त्या रात्री आमच्याकडे फिरकला नाही, जतकडे गेला, आणि ताडपत्र्या ओढण्याचे श्रम फुकट गेले म्हणून ते आमच्यावरच कुरकुरले.

आता ज्यांना आपला फोन दाखवावयाचा असेल त्यांनी या टेबलापाशी यावे. पासवर्ड मात्र आम्हाला सांगू नये, तो ज्याने त्यानेच घालावा.