चोरीला गेलेला मेंदू

१९८०च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची मालिका लागायची. आमच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता, त्यांच्या दारात तेव्हा चपलांचा ढीग पडायचा. इंग्रजी आम्हाला अर्धंमुर्धंच कळायचं, पण स्पॉक कळायचा. टोकदार कान, वर चढलेल्या भुवया आणि काहीही झालं तरी न ढळणारं डोकं. संकट आलं की बाकीचे आवाज चढवायचे आणि हा शांतपणे हिशेब मांडायचा. विज्ञानाची गोडी मला लागली ती त्याच्यामुळे.

म्हणून पुढे केव्हातरी ‘स्पॉक्स ब्रेन’ हा भाग पाहिला तेव्हा मनाला फार लागलं. मालिकेच्या तिसऱ्या वर्षाचा हा पहिला भाग, अमेरिकेत २० सप्टेंबर १९६८ रोजी दाखवलेला. ते तिसरं वर्ष मुळात प्रेक्षकांनी झगडून मिळवलं होतं. एनबीसी वाहिनी मालिका बंद करणार अशी कुणकुण लागताच बिजो आणि जॉन ट्रिम्बल या दांपत्याने पत्रांची मोहीम उभी केली. कॅलटेकचे विद्यार्थी वाहिनीच्या बरबँकमधल्या कचेरीवर मोर्चा घेऊन गेले. अखेर मार्च १९६८ मध्ये मालिका चालू राहणार असं वाहिनीने जाहीर केलं. पण पदरात काय पडलं? शुक्रवारची रात्री दहाची वेळ, जेव्हा तरुण मंडळी घरात नसतात. खर्चाला कात्री लागली. निर्माते जीन रॉडनबेरी यांनी रोजच्या कामातून अंग काढून घेतलं. आणि त्या हजारो पत्रं लिहिणाऱ्यांच्या पुढ्यात पहिल्याच रात्री आला तो हा भाग.

गोष्ट अशी. कारा नावाची एक अनोळखी तरुणी स्पॉकच्या अंतराळयानावर प्रकटते, मनगटावरचं बटण दाबून सगळ्यांना बेशुद्ध करते. शुद्धीवर येऊन पाहतात तर स्पॉकच्या डोक्यात मेंदूच नाही. यानावरचे डॉ. मॅकॉय सांगतात, हे शरीर फार तर चोवीस तास तग धरेल. माग काढत यानाचा कॅप्टन कर्क एका बर्फाळ ग्रहावर पोचतो. वर थंडीत दगड-दांडकी घेऊन फिरणारे पुरुष, जमिनीखाली उबेत राहणाऱ्या बायका. त्या भुयारी शहराची हवा आणि ऊब आता स्पॉकचा मेंदू सांभाळतो आहे.

मेंदू असा उचलून दुसरीकडे बसवता येत नाही, एवढ्यासाठी मी नाराज नाही. त्या दिवसांत ही कल्पना हवेतच होती. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय बदललं. अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, आपल्या परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तशीच शस्त्रक्रिया केली. रुग्ण जेमतेम काही तास जगला, पण हृदय बदलतं तर मेंदू का नाही, हा प्रश्न शाळकरी पोरालाही पडावा असा काळ होता. हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्या शिवल्या की ते पुन्हा धडधडू शकतं. मेंदूचं तसं नाही. एका डोळ्याकडून येणाऱ्या मज्जातंतूतच दहा लाखांच्या आसपास धागे असतात आणि ते तुटले की पुन्हा जुळत नाहीत. रक्त थांबलं की काही मिनिटांतच पेशी मरू लागतात. हे सगळं विसरायला मी तयार आहे. विज्ञानकथेला एक अशक्य गोष्ट आपण उसनी देतोच.

पण दिलेल्या उसन्याचं या कथेने काय केलं? त्या शहरात एक यंत्र आहे, त्याला म्हणतात ‘टीचर’. ते डोक्यावर चढवलं की पूर्वजांचं सगळं ज्ञान आत उतरतं, आणि तीनेक तासांत ओसरून जातं. काराने शस्त्रक्रिया केली ती त्या ज्ञानावर. आता कर्क तिला मेंदूबद्दल विचारतो, तर मेंदू म्हणजे काय हेच तिला ठाऊक नाही. किती भयंकर आहे हे! ज्या हातांनी इतकं नाजूक काम केलं, त्या हातांना त्याची आठवणही उरलेली नाही. अशा बाईच्या मनात काय चालत असेल? तिच्याजवळ क्षणभरही कुणी थांबत नाही. तिला नुसती बावळट ठरवून गोष्ट पुढे पळते.

स्पॉकच्या शरीराचंही तेच. मॅकॉयच्या हातात एक छोटी पेटी. बटण दाबलं की खट्, स्पॉक पाऊल टाकतो. पुन्हा खट्, स्पॉक वळतो. डोळे उघडे, आत कुणी नाही. ज्याच्याशी रोज भांडलो त्या मित्राचं शरीर बटणावर चालवताना मॅकॉयचा अंगठा एकदा तरी अडखळायला हवा होता. तो अडखळत नाही. लिओनार्ड निमॉय यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं, की या चित्रीकरणात त्यांना सतत ओशाळल्यासारखं होत होतं. मी ते वाचलं आणि गलबलून आलं.

पटकथेवर ली क्रोनिन हे नाव आहे. ते टोपणनाव, लिहिणारे जीन कून. याच कून यांनी १९६७ साली ‘द डेव्हिल इन द डार्क’ लिहिला होता. खाणीत माणसं मारणारा एक दगडासारखा प्राणी. स्पॉक त्याच्या मनाशी मन जोडतो आणि कळतं, की खाणकाम्यांनी बिनकामाचे म्हणून फोडलेले गोळे ही त्याची अंडी होती. तो राक्षस म्हणजे एक आई होती. समोरच्या जिवाला समजून घेण्याची ती नजर कारापर्यंत आलीच नाही.

एकदा मात्र ती नजर चमकते. स्पॉकचा मेंदू परत बसवण्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ‘टीचर’ डोक्यावर घेतलेल्या मॅकॉयचे हात सफाईने चालत असतात आणि मध्येच ज्ञान ओसरू लागतं. हात थांबतात. चेहऱ्यावर भीती उतरते. तेवढ्यात स्पॉकची वाचा जोडली जाते आणि तो स्वतःच पुढचं सांगू लागतो. श्वास रोखून मी ते पाहिलं. पण लगेच स्पॉक उठून बसतो, व्याख्यान देऊ लागतो, सगळे हसतात, आणि भाग संपतो.

त्याआधी कारा विचारते, आता आमचं काय? वर जा, थंडी सोसायला शिका, आम्ही मदत करू, असं कर्क सांगून टाकतो. चार वाक्यांत मिटवलं. पिढ्यान्‌पिढ्या उबेत राहिलेल्या, सारं ज्ञान यंत्राकडे सोपवून बसलेल्या त्या बायका पहिल्यांदा बर्फात पाऊल ठेवतील, शेकोटी कशी पेटवायची ते ज्यांना आजवर घाबरवलं त्याच पुरुषांना विचारतील. मला ते पाहायचं होतं.