पडवीत कोण बसले आहे?



गणपतींचे विसर्जन होते, चाकरमानी मुंबईला परततात, आणि पेण-रोह्याकडची घरे पुन्हा शांत होतात. पाहुण्यांच्या अंथरुणांच्या घड्या होतात, मखर माळ्यावर जाते; परंतु त्या दिवसांत भाचरांना, जावयांना आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मित्रांना सांगितलेला वाय-फायचा पासवर्ड मात्र तसाच राहतो. पुढे एखाद्या संध्याकाळी घरातील मुलगा राऊटरचे पान उघडतो, तर जोडलेल्या यंत्रांच्या यादीत चारांऐवजी अकरा नावे! त्यातले एक तर कधी न ऐकलेल्या चिनी कंपनीचे. मग घरभर धास्ती पसरते.

ही धास्ती सर्वस्वी निराधार आहे असे कोणी म्हणू नये. पेणहून मुंबईला जाताना वाटेत सानपाडा लागते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोटांची मालिका झाली, पन्नासहून अधिक निरपराध माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल मिळाला होता. त्याचा माग काढत तपास पथक पोहोचले ते सानपाड्यातील एका सदनिकेत. तेथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाच्या वाय-फायचा दहशतवाद्यांनी वापर केला होता. त्याच्या संगणकांची तपासणी झाली, चौकशीचा ससेमिरा मागे लागला. गुन्ह्याशी मात्र त्याचा संबंध आढळला नाही. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्यातील एका महाविद्यालयाचे आणि चेंबूरमधील एका कंपनीचे वाय-फाय याच रीतीने वापरले गेले. तिन्ही ठिकाणी जोडणीचे मालक निर्दोष होते, पण पोलीस प्रथम त्यांच्याच दारात आले. कारण घरात दहा यंत्रे असली तरी बाहेरच्या जगाला साधारणतः एकच पत्ता दिसतो, आणि त्या पत्त्यापुढे नाव असते ते जोडणी घेणाऱ्याचे.

म्हणून यादी पाहावी हे खरे. परंतु यादीतले प्रत्येक अनोळखी नाव चोराचे समजू नये. बहुतेक वेळा तो ‘चोर’ घरातलाच निघतो. प्रत्येक यंत्राला बारा अंक-अक्षरांचा एक पत्ता असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. त्यातील पहिली सहा अक्षरे वाय-फायचा भाग बनविणाऱ्या कंपनीची. दिवाणखान्यातील दूरदर्शन संचावर नाव एका कंपनीचे असते, आतला भाग दुसरीच कंपनी बनविते. यादीत झळकते ते त्या दुसरीचे नाव. ‘एस्प्रेसिफ’ हे नाव पाहून अनेकजण दचकतात. ती शांघायची कंपनी आहे, आणि तिची चिप स्मार्ट दिव्यांत व प्लगांत सर्रास असते. देवघरात माळ लावण्यासाठी घेतलेला प्लगच असा यादीत येऊन बसलेला असतो!

दुसरा घोटाळा मोबाइलचा. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयफोनची चौदावी प्रणाली (२०२०) यांपासून फोन आपला मूळ पत्ता लपवून कृत्रिम पत्ता देऊ लागले. त्यामुळे सुनेचाच जुना फोन एके दिवशी नवा पाहुणा म्हणून यादीत येऊ शकतो. पत्त्यातील दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कृत्रिम समजावा. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये त्या क्षणी वापरात असलेला पत्ता दिसतो. तो यादीशी ताडून पाहिला की संशय फिटतो.

तेव्हा आधी घरातल्यांची मोजदाद करावी. राऊटरच्या तळाशी चिकटविलेल्या कागदावर त्याच्या पानाचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तशाच धर्तीचा. ते पान उघडून घरातील एकेक यंत्र बंद करावे, थोडे थांबून यादी पुन्हा पाहावी, आणि जे नाव गळेल ते कागदावर लिहून घ्यावे. दूरदर्शन, कॅमेरा, प्रिंटर, आजोबांचा टॅबलेट, काहीही वगळू नये. काही राऊटर गेलेल्या यंत्रांचीही नावे बराच काळ दाखवितात, एवढे ध्यानात असू द्यावे.

सारे बंद करूनही एखादे नाव चालूच राहिले, तर त्या एकट्याला अडवीत बसण्यात अर्थ नाही; पत्ता बदलून तो पुन्हा येईल. पासवर्डच बदलावा. सगळेच बाहेर पडतात, मग आपली यंत्रे एकेक करून आत घ्यावीत. नवा पासवर्ड लांब असावा, मुलाचे नाव आणि जन्मसाल नको. सुरक्षाप्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा ३ असावा, आणि बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय बंद करावी. राऊटरच्या पानाचा स्वतःचा पासवर्ड वेगळा असतो, आणि तो बदलायचे हमखास राहून जाते. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले असेच मूळ पासवर्ड वापरून जगभरातील लाखो कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले होते.

पेणच्या मूर्तिकारांच्या घरी कारखाना आणि बिऱ्हाड एकाच छपराखाली असते. गिऱ्हाईक मूर्ती पाहता पाहता पासवर्ड मागते. रोह्यात धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा भाडेकरू वरच्या खोलीत असतो. नाही म्हणणे जिवावर येते, आणि म्हणूही नये. बहुतेक नव्या राऊटरांत पाहुण्यांसाठी निराळे वाय-फाय सुरू करता येते. त्यावरच्या फोनला इंटरनेट मिळते, घरातील संगणक वा कॅमेऱ्यापर्यंत सहसा पोहोचता येत नाही. अर्थात बाहेर नाव घरमालकाचेच राहते, म्हणून त्याचाही पासवर्ड दर गणपतीनंतर बदलावा.