कंधारच्या तटाखाली
(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यातील भाषण)



किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचा कडा उभा राहतो. आपले औसा, उदगीर, कंधार हे किल्ले मात्र भुईकोट. त्यांचे बळ उंचीत नव्हे, तर तटात, खंदकात आणि पाण्यात.

गेल्या हिवाळ्यात काही विद्यार्थ्यांसमवेत जगत्तुंग सागर पाहून मी कंधारच्या किल्ल्याकडे पायी निघालो. वाटेत एका मुलाने विचारले, "गुरुजी, आधी तळे की आधी किल्ला?" या प्रश्नात अर्धा इतिहास सामावलेला आहे. राष्ट्रकूटांच्या काळात हे नगर वैभवास चढले. तिसरा कृष्ण (इ. स. 939 ते 967) 'कंधारपुरवराधीश्वर' हे बिरुद मिरवीत असे. 'जगत्तुंग' हेही त्याच घराण्यातील नाव. पाण्याच्या आश्रयाने नगर वाढले आणि नगराच्या रक्षणासाठी कोट उभा राहिला. पुढे बहमनी, निजामशाही, 1631 साली मोगल आणि शेवटी 1948 पर्यंत हैदराबादचे राज्य, अशा राजवटी येथे नांदल्या. म्हणून एकाच फेरीत आपणांस फारसी शिलालेख, मशीद आणि क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे भग्न अवशेष पाहावयास मिळतात.

येथे एक कबुली देतो. माझ्या बालपणी आमच्या घराच्या पायरीस एक कोरीव चिरा बसविलेला होता. गावच्या पडक्या गढीतून तो आणलेला होता. वर्षानुवर्षे त्यावर पाय देऊन मी शाळेत गेलो. तो कोठून आला, हे विचारण्याचे मला सुचले नाही. अवशेष नाहीसे होतात ते केवळ ऊनपावसाने नव्हे. आपल्या न विचारण्यानेही.

आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन करणे हे राज्यघटनेच्या कलम 51-क नुसार 1977 पासून प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. परंतु कर्तव्याची जाणीव पायांनी चालूनच येते. शिक्षकांनी वर्षातून एक दिवस मुलांना जवळच्या गढीवर, बारवेवर वा किल्ल्यावर पायी न्यावे. भिंतीवर नाव कोरण्याऐवजी वहीत टिपण करावयास शिकवावे. ग्रामपंचायतींनी गावातील कोरीव दगड, वीरगळ व शिलालेख यांची नोंद ठेवावी, ते जागचे हलू देऊ नयेत आणि खंदकात केरकचरा पडू देऊ नये. याला मोठा निधी लागत नाही.

परतताना त्या मुलाने तटाचा एक निखळलेला दगड उचलला, क्षणभर न्याहाळला आणि होता तेथेच ठेवला. त्या दिवशीची आमची पायपीट सार्थकी लागली.