सात डिसेंबरचा ध्वज



अहिल्यानगरची लष्करी छावणी आणि भिंगार एकमेकांना खेटूनच वाढले. रणगाडा दलाच्या जवानांना आणि अधिकाऱ्यांना घडवणारं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल याच छावणीत आहे. 1971 साली पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल इथे तरुण अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम करत होते. जन्म पुण्याचा, वय अवघं 21. जूनमध्येच ते सैन्यात दाखल झाले होते. पाकिस्तानशी युद्ध येऊन ठेपलं, अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडून ते रेजिमेंटकडे रवाना झाले.

16 डिसेंबरला शकरगढ भागात, बसंतर नदीपलीकडे, पाकिस्तानी रणगाड्यांनी जोरदार प्रतिहल्ला चढवला. खेत्रपालांच्या रणगाड्यानं पेट घेतला. बाहेर पडण्याचा हुकूम बिनतारी यंत्रावरून आला. तोफ अजून चालते आहे, असं कळवून ते लढत राहिले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्याआधी त्यांनी शत्रूचे चार रणगाडे उद्ध्वस्त केले होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांचा ‘फॅमागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा अहिल्यानगरच्या याच केंद्रात जतन केला आहे.

अशा जवानांच्या घरच्यांचं पुढे काय, हा प्रश्न देशापुढे स्वातंत्र्याबरोबरच आला होता. 1947-48 ची काश्मीरची लढाई नुकतीच संपली होती. 28 ऑगस्ट 1949 रोजी संरक्षणमंत्र्यांच्या समितीनं 7 डिसेंबर हा त्यांच्यासाठी निधी गोळा करण्याचा ध्वजदिन म्हणून ठरवला. ब्रिटनमध्ये 1921 पासून नोव्हेंबरात पॉपीची लाल फुलं विकून माजी सैनिकांसाठी पैसा उभा केला जात होता. आपल्याकडे पॉपीच्या जागी छोटे ध्वज आले. लाल रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा हवाई दलाचा.

1971 मध्ये 7 डिसेंबर उजाडला, तेव्हा युद्ध सुरू होऊन चारच दिवस झाले होते.

ध्वजदिनाचा निधी जखमी जवानांचं पुनर्वसन, सैनिकांच्या कुटुंबांचं कल्याण आणि माजी सैनिकांना मदत यांसाठी वापरला जातो. म्हणून हा दिवस नुसत्या अभिवादनाचा नाही. हुतात्म्याच्या घरात उरलेली जबाबदारी इतरांनी थोडीथोडी उचलावी, यासाठी तो ठरवला गेला.

येत्या 7 डिसेंबरला कुणी ध्वज घेऊन समोर आलं, तर आपला वाटा जरूर द्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही तो देता येतो. आणि आपल्या गल्लीत एखादी वीरपत्नी राहत असेल, तर तिच्या पेन्शनचं किंवा मुलांच्या शिष्यवृत्तीचं काही काम अडलं आहे का, हे उद्याच जाऊन विचारा.