चेहऱ्यावर गोळी लागली, तर आधी काय?

चेहऱ्यावर गोळी किंवा छर्रे लागलेल्या माणसाचे नातेवाईक पहिल्यांदा विचारतात ते हेच: ‘गोळी कधी काढणार?’ काळजी रास्त आहे, पण गोळी काढणं ही उपचाराची पहिली पायरी नव्हे, श्वास वाचवणं ही आहे. खालचा जबडा फुटला की जिभेचा आधार जातो, ती मागे सरकते. रक्त आणि दातांचे तुकडे घशात उतरतात. अशा जखमीला उताणं झोपवलं तर तो रुग्णालयात पोहोचण्याआधीच गुदमरू शकतो. म्हणून शुद्धीवर असेल तर त्याला पुढे वाकून बसू द्या, बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा आणि लगेच १०८ क्रमांकावर फोन करा. रुग्णालयातही आधी श्वासमार्ग मोकळा करतात, प्रसंगी गळ्याला छेद देऊन. मग रक्तस्राव, आणि त्यानंतर सीटी स्कॅन.

गोळी आत राहिली तर शिशाचं विष भिनणार नाही का? ही शंका निराधार नाही. सांध्यातल्या किंवा मेंदूभोवतालच्या द्रवात शिसं विरघळू शकतं, तिथली गोळी शक्यतो काढतात. मांसात रुतलेल्या गोळीभोवती मात्र शरीर सहसा कठीण आवरण तयार करतं. ती मोठ्या रक्तवाहिनीला खेटून असेल तर ओढून काढण्यातच जास्त धोका असतो. गालाच्या हाडातल्या पोकळीत, म्हणजे सायनसमध्ये, अडकलेला तुकडा पुढे पू धरू शकतो. तो बहुधा दुर्बिणीतून काढतात. गोळी तापलेली असते म्हणून जंतुविरहित असते, हा समज चुकीचा आहे. जखम धुणं, प्रतिजैविकं आणि धनुर्वाताची लस यांना पर्याय नाही.

मग एकदाच टाके घालून मोकळं का करत नाहीत? पहिल्या महायुद्धात शल्यविशारद हॅरॉल्ड गिलीज यांनी इंग्लंडमध्ये हजारो विद्रूप झालेले चेहरे नव्यानं घडवले. हाड गमावलेल्या जागी नुसती कातडी ओढून शिवली की व्रण आकसून चेहरा वाकडा होतो, हे त्या काळात स्पष्ट झालं. आज म्हणूनच मेलेला भाग टप्प्याटप्प्यानं काढतात, जिवंत ऊतक जपतात, हाडं टायटॅनियमच्या पट्ट्यांनी सांधतात आणि मोठी उणीव पायाच्या हाडानं भरतात. दुसरी, तिसरी शस्त्रक्रिया म्हणजे पहिली फसली असं नव्हे. आणखी एक खबरदारी: जखमीच्या नाकातून पाण्यासारखा स्राव येत असेल, तर नाकात बोळा कोंबू नका, शिंकरू देऊ नका. तो मेंदूभोवतालचा द्रव असू शकतो. आणि डॉक्टरांना आधी विचारा, ‘श्वास नीट चालू आहे ना?’