जे मोजलं जातं, तेच बांधलं जातं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



माझी ओळख करून देताना 'आपला मोबाइलवाला' असं म्हटलं गेलं. बरं वाटलं. पण आत्ता या सभागृहात कुणाकुणाच्या फोनला रेंज आहे? दोनच हात वर आले, आणि दोघंही खिडकीशी बसलेत. तीस वर्षं मी याच धंद्यात काढली आणि माझ्याच शाळेत रेंज नाही. आज त्याबद्दलच बोलतो.

आपल्या वेळी गावात फोन एकच, पोस्टातला. मुंबईच्या काकांना निरोप द्यायचा तर ट्रंक कॉल बुक करून पोस्टाच्या पायरीवर दुपार काढायची. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. तेव्हा दर होता मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात, आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत.

आपले पीटीचे सर आठवतात? त्यांच्या स्वतःच्या वर्गाचा कबड्डीचा सामना असला की ते शिट्टी दुसऱ्या सरांच्या हातात देत. दूरसंचारमध्ये सुरुवातीला तसं नव्हतं. सरकारचं खातं स्वतः खेळत होतं आणि शिट्टीही तेच वाजवत होतं. खाजगी कंपन्या मैदानात आल्यावर हे चालणार नव्हतं. म्हणून १९९७ मध्ये कायदा करून ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, स्थापन झालं. पुढे २००० मध्ये तंटे सोडवण्याचं काम वेगळ्या न्यायाधिकरणाकडे गेलं.

या पंचाने काय केलं? एक उदाहरण देतो. समजा तुम्ही नवी कंपनी काढली. तुमच्या ग्राहकाला जुन्या, मोठ्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलायचं आहे. मोठी कंपनी म्हणेल, मी तुमचा कॉल का घेऊ? आणि घेतला तर माझे पैसे द्या. ती जोडणी द्यायलाच लावणं आणि तिचा दर ठरवणं हे ट्रायचं काम. हा दर मिनिटाला २० पैसे होता. तो २०१५ मध्ये १४ पैसे झाला, ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे आणि जानेवारी २०२१ पासून शून्य. त्याआधीच २००३ मध्ये येणारा कॉल फुकट झाला होता आणि जानेवारी २०११ पासून नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. फोन भाजीवाल्याच्या खिशात पोचला, त्यात कंपन्यांच्या चढाओढीचा वाटा मोठाच. पण ती चढाओढ शक्य झाली ती या नियमांमुळे.

पंच चुकत नाही असं नाही. स्पेक्ट्रम म्हणजे ज्या लहरींवरून आपलं बोलणं जातं त्यांचे पट्टे. त्यातला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्यासारख्या मुलखाला मोलाचा. त्याच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आत शिरतात आणि कमी टॉवरमध्ये भागतं. २०१६ च्या लिलावात त्याची किमान किंमत देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये ठेवली. ही शिफारस ट्रायचीच. कुणीही घेतला नाही. २०२१ मध्ये ६,५६८ कोटी ठेवली, तरी नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटींवर आणली तेव्हा एका कंपनीने घेतला. म्हणजे सहा वर्षं ना तिजोरीत पैसे, ना गावात रेंज.

आता माझी गोष्ट सांगतो. ही मी आजवर कुठल्याच व्यासपीठावर सांगितलेली नाही.

२००६ च्या सुमारास मी पुण्यात एका खाजगी कंपनीत नेटवर्क नियोजनाला होतो. टॉवर कुठे उभारायचे याची यादी माझ्या टेबलावर येई. एका रकान्यात अपेक्षित उत्पन्न, दुसऱ्यात जागेचं भाडं, वीज, डिझेल. एके दिवशी यादीत आपलं खोरं आलं. उत्पन्न कमी, खर्च जास्त. मी ओळ खोडली. हात थबकला, पण खोडली.

मी नियम मोडला नव्हता. तेव्हाच्या परवान्यात अट होती ती जिल्ह्याच्या ठिकाणांची: पहिल्या वर्षी दहा टक्के आणि तीन वर्षांत पन्नास टक्के जिल्हा मुख्यालयं, किंवा त्याऐवजी जिल्ह्यातलं दुसरं एखादं शहर. वाड्या कुणी मोजतच नव्हतं. आणि जे मोजलं जातं, तेच बांधलं जातं. नोकरीतून हे एवढंच मी नीट शिकलो.

लॉकडाऊनमध्ये इथली पोरं ऑनलाइन तासासाठी टेकडीवर चढत होती, असं बाईंनी मला फोनवर सांगितलं. त्या रात्री मला ती खोडलेली ओळ आठवली.

मग ट्रायने का नाही केलं काही? कारण परवाने देणं, लिलाव करणं हे सरकारचं काम. त्यात ट्राय शिफारस करतं. जिथे धंदा परवडत नाही तिथे टॉवर उभारायला कंपन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के आकारणी होते, पण तो निधीही सरकारच्या हाती. ट्रायच्या हाती दर, जोडणी आणि सेवेचा दर्जा. तिथेही मर्यादा आहेत. कॉल तुटला तर ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम त्यांनी २०१५ मध्ये केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१६ मध्ये रद्द केला.

पण २०२४ च्या नियमांत एक गोष्ट आली आहे. आपली सेवा कुठे पोचते याचा नकाशा कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. म्हणजे आता वाडी मोजता येते. नकाशात रंग आहे आणि फोनवर काडी नाही, हे आपण दाखवून देऊ शकतो. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. ती आधी कंपनीकडे आणि मग कंपनीच्याच अपिलाकडे न्यावी लागते. मात्र नियम करण्याआधी ट्राय मसुदा जाहीर करून सूचना मागवतं, आणि तिथे कुणीही नागरिक लिहू शकतो. २०१५ मध्ये इंटरनेटच्या समान वागणुकीसाठी लाखो लोकांनी लिहिलं होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावायला मनाई केली.

तेव्हा माझी एक विनंती. उद्या सकाळी परतायच्या आधी दोन तास द्या. प्रत्येकाने एकेक वाडी घ्यायची. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, एसटीचा थांबा, जिथे जाल तिथे फोन बघायचा आणि रेंज आहे की नाही हे कंपनीच्या नावासह वहीत लिहायचं. नकाशाशी ताळा मी करीन. अर्ज मी लिहीन. ग्रामसभेचा ठराव सरपंचांनी जोडावा, ते इथेच बसले आहेत.

गणिताचे सर पहिल्या बाकावर आहेत. सर, तुम्ही म्हणायचात, उत्तर चुकलं तर खोडू नका, खाली पुन्हा सोडवा. मी ओळ खोडली होती. आता पुन्हा सोडवायला बसतो.